पेरूच्या फांद्या

नवरा गेला त्याला महिना झाला असेल, तेव्हा त्याचा कॉकटील उजवा पाय टेकवेनासा झाला. राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा हा पक्षी त्याने हौसेने आणला होता आणि त्याचं सगळं तोच बघायचा. आता दाणे मी घालत होते, इतकंच.

परळमधल्या आमच्या घरापासून प्राण्यांचा दवाखाना चालत दहा मिनिटांवर. डॉक्टरबाईंनी पक्ष्याला टॉवेलमध्ये धरून तळवे दाखवले. लाल झाले होते, एका ठिकाणी साल गेलेली.

"पिंजऱ्यात दांड्या कसल्या आहेत?"

"प्लास्टिकच्या. पिंजऱ्याबरोबर आल्या त्याच."

"सगळ्या एका जाडीच्या, म्हणजे दिवसभर तळव्याच्या एकाच जागेवर भार. झाडाच्या फांद्या लावा, कमीजास्त जाडीच्या. पेरूच्या चालतील. पण झाडावर औषध मारलेलं नको."

मलम घेऊन मी घरी आले.

शिवडीला नणंद बैठ्या घरात राहते, मागे पेरू आहे. रविवारी गेले. तिने करवत आणली आणि पहिली फांदी कापता कापताच रडायला लागली. मी फांदी धरून उभी राहिले.

"वहिनी, तू रडत कशी नाहीस गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "ही अंगठ्याएवढी आहे. अजून एक जाड लागेल."

तिने डोळे पुसून जाड फांदी कापून दिली.

घरी पानं काढली, सुटी साल खरवडली. साबण न लावता काथ्याने घासून वरून उकळतं पाणी ओतलं. एका फांदीला बारीक भोक दिसलं, आत कीड असेल म्हणून ती टाकून दिली. बाकीच्या गॅलरीत वाळत घातल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "चूल मांडतेस की काय?" मी सांगितलं, पक्ष्यासाठी आहेत.

आठवड्याने कापलेली टोकं पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. टोकांना भोकं पाडायला नवऱ्याचं ड्रिल काढलं. मी ते कधी हातात धरलं नव्हतं. आता काहीतरी वाटेल म्हणून जरा थांबले. काही वाटलं नाही. भोकं पाडली, प्लास्टिकच्या दांड्या काढून फांद्या नटबोल्टने जाळीला आवळल्या.

दोन दिवस पक्षी घाबरून जाळीलाच चिकटून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी बारीक फांदीवर उतरला, मग जाड फांदीवर. संध्याकाळपर्यंत चोचीने साल सोलायला लागला. काही आठवड्यांत तळवे बरे झाले.

नणंदेचा फोन आला तेव्हा पक्षी कटकट आवाज करत फांदीची साल सोलत होता. मी फोन पिंजऱ्याजवळ धरला.

"ऐकू येतंय?"

"हो," ती म्हणाली. कुकर लावायचा राहिला होता, म्हणून मी फोन ठेवला.