हुलसूरच्या तळ्यातला शेंदरी मासा

सन १३४५ फसली, कार्तिक वद्य पंचमी. उदगीरहून निघताना हजर : मी, माझा मेहुणा मल्लिनाथ, आणि उंबऱ्याच्या आत माझी पत्नी. रक्कम : वरपक्षाची मागणी सहाशे रुपये हाली (निजामी शिक्क्याचे), माझी तयारी चारशेची. काम : थोरली मुलगी महादेवी हिच्या लग्नाची बैठक, हुलसूर मुक्कामी.

मुलगा बिदरच्या शाळेत मास्तर आहे आणि मैलुरात खोली घेऊन राहतो. दिवाळीआधी तो येऊन मुलगी पाहून गेला होता. पाण्याचा तांब्या हाती घेताना त्याने तिला, सध्या काय वाचतेस, असे विचारले. इतर स्थळांनी आजवर स्वयंपाक येतो का, एवढेच विचारले होते. तेव्हापासून महादेवी दुसऱ्या कोणाचे नाव घरात काढू देत नव्हती. आता सगळे मुलाच्या वडिलांवर, म्हणजे अण्णांवर, होते. पत्नीने मला दारातच बजावले, "अण्णा म्हणतील त्याला व्हय म्हणा. तुमचं खरं-खोटं घरी येऊन करा."

उदगीरहून आगगाडी वेळेवर सुटली. कमालनगरला उकडलेल्या शेंगा मिळाल्या, त्या भालकीपर्यंत पुरल्या. काळ्या रानात ज्वारी घोट्याएवढी झाली होती आणि तुरीला पिवळा फुलोरा होता. भालकीला उतरून भाड्याची बैलगाडी केली. वाटेत एका ओढ्यात डावा बैल पाण्यातच बसला. गाडीवान म्हणाला, हा दरवेळी इथेच बसतो, त्याला घाई केली तर मागे फिरतो. आम्ही धोतर सावरून ओढ्याच्या काठी उभे राहिलो. बैल आपल्या मनाने उठला, मग आम्ही चढलो. मल्लिनाथ म्हणाला, हा बैल वरपक्षाकडचा दिसतो.

मुलाचे वडील शिवलिंगप्पा अण्णा हे सरकारी गिरदावर (महसूल खात्यातील अंमलदार) होते, आता घरीच असतात. अंगणात येऊन त्यांनी शरणार्थ (नमस्कार) केले, पाय धुवायला पाणी दिले, विभूती पुढे केली. जेवायला कडक भाकरी, पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी), शेंगाहिंडी (शेंगदाण्याची चटणी) आणि शेवटी हुग्गी (गव्हाची खीर) होती. जेवण उत्तम झाले. हात धुतल्यावर मी लग्नाचा विषय काढणार, तोच अण्णांनी कोनाड्यातून एक सपाट पेटी आणून आमच्यापुढे उघडली.

आत बोटाएवढे लाकडी मासे होते. एक पिवळा, एक शेंदरी, एक रुपेरी. प्रत्येकाच्या पोटाखाली लोखंडी गळ. अण्णांचे जुने साहेब बदलून गेले, तेव्हा ही पेटी त्यांना देऊन गेले होते. दोरीला हा खोटा मासा बांधून पाण्यातून ओढायचा म्हणजे खरा मासा त्याला आपले भक्ष्य समजून धरतो. यात सगळी मेख रंगाची आहे, असे अण्णांनी सांगितले. शेवाळलेल्या हिरव्या पाण्यात पिवळा, गढूळ पाण्यात शेंदरी, निवळ पाण्यात रुपेरी. रंग चुकला तर जन्मभर ओढत बसा.

आम्ही दोघेही लिंगायत. आमच्या घरात मासा कधी आला नाही, त्यांच्याही नाही. म्हणून मी विचारले की मासा लागल्यावर त्याचे काय करता.

"सोडून द्यायचा. आपल्याला खायचा कुठंय? रंग बरोबर निघाला का, एवढंच बघायचं."

मल्लिनाथने विचारले, आजवर किती लागले. अण्णांनी पेटी मिटली आणि म्हणाले की दोन वर्षे पाण्याचा अभ्यास चालू आहे. त्यांच्या पत्नीने आतून सुपारी पाठवली, तिच्याबरोबर आम्हाला हेही कळले की आजवर एकही लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी स्वतः सांगितले की बैठक पाण्याकाठीच होईल. घरात माणूस तोंडाने बोलतो, पाण्याकाठी तो कसा आहे ते दिसते. आळंदहून आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी गढूळ पाण्यात रुपेरी मासा बांधला होता. अण्णांनी त्यांना जेवू घातले आणि नारळ देऊन परत पाठवले. "ज्याला पाणी वळखू येत न्हाई, त्याला सोयरीक काय वळखू येनार?" हे ऐकून मल्लिनाथने माझ्याकडे पाहिले. मी आदल्या रात्री तिन्ही रंग आणि तिन्ही पाणी मनात घोकून ठेवले होते.

आम्हा तिघांकडे बांबूची एकेक काठी होती आणि पेटी अण्णांच्या बैलगाडीत. पहिले पाणी गावाबाहेरच्या विहिरीचे, शेवाळाने हिरवेगार. अण्णांचा तपासणीचा रिवाज असा : पितळी लोट्यात पाणी घ्यायचे, ते काचेच्या पेल्यात ओतायचे, पेला सूर्याकडे धरायचा, आणि तिघांनी आळीपाळीने त्यातून पाहायचे. मी पाहून म्हणालो, पिवळा. अण्णा "व्हय" म्हणाले आणि त्यांनी माझ्या दोरीला पिवळा बांधून दिला. दुपारपर्यंत ओढून काही लागले नाही. अण्णा समाधानी होते. मासा नसणे हा पाण्याचा दोष, रंग मात्र बरोबर होता.

दुपारून गाडीने मांजरेच्या काठी गेलो. वर कुठेतरी पाऊस होऊन गेल्याने नदी चहासारखी होती. मी पेल्यातून पाहून म्हणालो, शेंदरी. अण्णांनी माझा खांदा थोपटला आणि शेंदरी बांधून दिला. येथेही काही लागले नाही. मल्लिनाथचा पाय चिखलात अडकून एक पायताण तेवढे नदीने घेतले. पण परतताना अण्णा आपण होऊन म्हणाले की तळ्यावर थोडा वेळ थांबू आणि तिथेच हुंड्याचे बोलून टाकू. मला वाटले, महादेवीचे काम झाले.

गावाजवळचे केरे (तळे) काचेसारखे निवळ होते. काठावरचे खडे मोजता आले असते. अण्णा लोटा घेऊन पाण्याकडे गेले. आम्ही काठी घेऊन मागे उभे राहिलो. माझ्या दोरीला अजून नदीवरचा शेंदरीच होता. तो सोडायचा हे मला कळत होते. पण मुलाच्या वडिलांनी आपल्या हाताने बांधलेली वस्तू मुलीच्या वडिलांनी त्यांनी सांगितल्याशिवाय सोडावी, हे आमच्यात बसत नाही. मल्लिनाथचेही तेच मत पडले. दोरी वाळून गुंतायला लागली म्हणून ती भिजवायला मी शेंदरी मासा तसाच पाण्यात सोडला आणि अण्णांच्या पेल्याकडे पाहत उभा राहिलो.

काठी हातातून जवळजवळ निघूनच गेली. मी मागे पडलो, मल्लिनाथने माझी कंबर धरली, आणि आम्ही दोघे मिळून मागे रेटत असता हातभर लांबीची एक काळी मरळ काठावर येऊन आपटली. तोंडात शेंदरी मासा.

अण्णा पेला तसाच उंच धरून वळले. मरळ उड्या मारत होती आणि आम्ही तिघेही तिच्यापासून मागे सरकत होतो, कारण तिला हात लावायचा कोणी हा प्रश्न होता. मल्लिनाथ माझ्या कानाशी आला. "दाजी, काय करून बसलाव हे? व्याह्याच्या आधी मासा धरतेत का कुनी?"

मी काठी अण्णांपुढे धरली आणि म्हणालो की जरा आपण धरावी, मला पाणी प्यायचे आहे. त्यांनी धरली नाही. ते पेल्याकडे पाहत म्हणाले, "पाणी तर निवळ हाय."

तेवढ्यात पलीकडच्या काठाने म्हशी चारणारे रसूलभाई आले. त्यांनी मरळ एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने गळ काढला. "इत्ता क्या डरते जी? मच्छीच है," असे म्हणून त्यांनी ती कोणाची म्हणून विचारले. कोणाचीच नाही, असे अण्णांनी सांगितल्यावर त्यांनी नाराजीने ती परत पाण्यात टाकली.

अण्णा दगडावर बसले. दोन वर्षे त्यांनी अख्ख्या हुलसुराला हा नियम सांगितला होता. भोई लोक त्यांना वाटेत थांबवून आज कोणता रंग म्हणून विचारत आणि पुढे जाऊन हसत, हे त्यांनाही माहीत होते. आता रसूलभाई सगळे पाहून गेले होते आणि संध्याकाळी गावभर होणार होते. अण्णांनी बराच विचार करून खिशातून कागद काढला. जन्म सरकारी खात्यात गेल्याने अडचण आली की पंचनामा करायचा, हे त्यांच्या हाताला सवयीचे होते. त्यांनी लिहिले की आज रोजी तळ्याचे पाणी गढूळ असताना शेंदरी मासा लागला, सबब नियम कायम. कागद माझ्यापुढे ठेवून त्यांनी पंच म्हणून सही मागितली.

मल्लिनाथ मागून म्हणाला, "करा की सही, दाजी. पोरगी तिकडं वाट बगायलीय."

मला महादेवी डोळ्यांपुढे दिसली. पत्नीचे शब्दही आठवले. मी लेखणी हातात घेतली, तळ्याकडे पाहिले, आणि तळातला खडान् खडा मला दिसला.

"अण्णा, पाणी निवळ होतं. ह्याच्यावर माझी सही होत नाही."

अण्णांनी कागदाची घडी केली. पेटीचे झाकण लावले. "मग बैठक कशाची करायची?" असे म्हणून ते गाडीकडे चालू लागले. मल्लिनाथ एका पायताणानिशी त्यांच्यामागे धावला.

मी पलीकडच्या काठावर परत गेलेल्या रसूलभाईंना हाक मारली आणि विचारले की म्हशी पाण्यात उतरवायला काय घ्याल. त्यांना वाटले मी थट्टा करतो. मी थट्टा करत नाही हे त्यांना पटवावे लागले. नंतर त्यांनी "हुर्र" करून सगळा कळप तळ्यात घातला. घटकाभरात पाणी मांजरेसारखे झाले. मी काठी उचलली, शेंदरी मासा त्या पाण्यात सोडला, आणि गुडघ्यावर दुसरा कागद ठेवून लिहिले : आज रोजी सायंकाळी म्हशी उतरल्यावर तळ्याचे पाणी गढूळ झाले. त्या पाण्यात शेंदरी मासा होता. तसेच आज याच तळ्यात शेंदरी माशाला मरळ लागली. खाली सही केली. तिन्ही वाक्ये खरी होती. त्यांचा क्रम काय होता हे कागदाने मला विचारले नाही आणि मीही त्यात लिहिले नाही.

मल्लिनाथने थोपवून धरलेल्या गाडीतून अण्णा उतरून आले. त्यांनी कागद दोनदा वाचला, पेला भरून सूर्याकडे धरला, आणि त्यातून बराच वेळ पाहिले. त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"गढूळ हाय. ह्यात खोटं काही न्हाई."

त्यांनी सही केली, रसूलभाईंचा अंगठा घेतला. मला वाटले, आता किंवा कधीच नाही. मी म्हणालो की हुंड्याचे माझ्याकडून चारशे होतात, त्याच्यावर जमत नाही. आदल्या रात्रभर मल्लिनाथने या वाक्यासाठी किती युक्त्या योजून ठेवल्या होत्या.

अण्णा कागदातून वर न पाहता म्हणाले, "तुम्ही म्हणताव तेवढे. म्हशी किती होत्या, ते तेवढं वर लिवा अप्पा. आकडा नसला की पंचनामा पोकळ वाटतो."

मी म्हशी मोजल्या आणि आकडा लिहिला.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. साखरपुडा पौषाआधी करायचे ठरले होते. भालकीहून गाडी सुटल्यावर मांजरेचा पूल लागला. खाली नदी पसरली होती, काठाला गढूळ, मध्ये थोडी निवळ, कपारीशी हिरवी. त्यात कोणता रंग बांधावा हे मी पूल संपेपर्यंत ठरवू शकलो नाही. मल्लिनाथ झोपला होता. मला वाटले, सोयरिकीत माणसे एकमेकांचे पाणी पाहतात म्हणतात, पण खरे तर ते पाणी आपल्याला हवे तसे होईपर्यंत काठावर थांबावे लागते, आणि कधी कधी म्हशी आणाव्या लागतात.

घरी पोहोचल्यावर महादेवी दाराशी उभी राहिली. मी जमले एवढेच सांगितले आणि ती आत गेली. पत्नीने विचारले की व्हय म्हणालात ना सगळ्याला. मी म्हणालो, सगळ्याला नाही.

अखेर दिलेली रक्कम : रसूलभाई म्हशीवाले यांस, कळप पाण्यात उतरवल्याबद्दल, आठ आणे हाली. तळे वरपक्षाच्या गावचे असले तरी लग्नाचा खर्च मुलीच्या बापाने करायचा असतो, म्हणून ते मी दिले.