मामाने धुतलेलं पिंप

नाकावर भरवसा ठेवून इतकं दुःख ओढवून घेणारा माणूस पारनेर तालुक्यात माझ्या धाकट्या मामाशिवाय दुसरा झाला नसेल. वडील खाणीवर खडी फोडत, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाई, आणि मामा घरी आला की आधी कणगीत डोकं घालून सांगे, “आक्का, ही ज्वारी गेली!” कणगीच्या तळाशी असायची जेमतेम पायलीभर, तिच्याबद्दलही त्याला आशा नसे. माझ्यासाठी पाहिलेल्या पहिल्या स्थळाच्या घरी त्याने पाण्याचा तांब्या हुंगून परत ठेवला. ते स्थळ तिथेच संपलं.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी. होऊन नगरजवळच्या माल्ट व्हिस्कीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा मामा तिथेच कंत्राटावर पिंपांच्या पट्ट्या ठोकत होता. दारूचा थेंब कधी घेतला नाही. त्याला कायम करायची बोलणी चालू होती, आणि नेमकं तेव्हाच स्पेनहून शेरीची, म्हणजे तिथल्या द्राक्षाच्या दारूची, रिकामी पिंपं आली.

भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी पांढरी असते. रंग आणि बरीचशी चव पिंपाचं लाकूड देतं. अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीच्या पिंपातून व्हॅनिला, खोबरं उतरतं. शेरीच्या पिंपातून मनुका, सुकं अंजीर. आलेल्यांपैकी एक पिंप प्रवासात वाळून त्याला फटी पडल्या होत्या. लाकूड फुगून फटी मिटण्यापुरतं त्यात दोन दिवस पाणी भरून ठेव, असं मामाला सांगितलं होतं. मामाने नव्या माठाचं करतात तेच केलं. वास जाईपर्यंत पाणी भरायचं, ओतायचं, परत भरायचं. असं नऊ दिवस. तांबूस पाणी कुंपणाच्या लिंबाला घातलं.

“मामा, अरे त्यात शेरी मुरलेली होती!”

“मुरली कसली, आंबली हुती. लई वास मारत हुता. आता बघ, कसं निर्मळ हाय.”

“त्या वासासाठीच ते आणलं होतं!”

मामा पिंपाला टेकून खाली बसला. “वास पाहिजे हुता व्हय? आन मला बोललं न्हाई कुनी?”

साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नको. मी पदवीसकट शेजारी उभा होतो आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

मामा घरी बसला. दुसरं पिंप रिकामं नव्हतं म्हणून त्याच पिंपात माल्ट भरलं. चार उन्हाळे गेले. मामाने त्या काळात काही हुंगलं नाही. आई ज्वारी दाखवायची, तो मान फिरवायचा. मला त्याच्यासमोर जेवण जाईना.

मग पिंपं उघडली. नगरच्या उन्हात व्हिस्की लाकूड फार लवकर ओढते. शेरीच्या बाकी पिंपांतला माल काढ्यासारखा कडू, तुरट झाला होता. मामाच्या पिंपातला मऊ होता. मनुका होत्या, पण हळूच. पाण्याबरोबर लाकडाचा तुरटपणा निघून गेला होता. अहवालात मी कारण लिहिलं, मामाचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांसमोर यावेळी उभा राहून बोललो.

मामाला बोलावून ग्लास नाकाशी धरला. त्याने डोळे मिटून हुंगलं. मग म्हणाला, “मनुकाच हायेत रं.” आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

कारखान्याने त्याला परत घेतलं आणि कायम केलं. निवृत्तीला तेव्हा चौदा महिने उरले होते.