नानांचं बोट आणि टर्बोचं तेल

माझे वडील अमळनेरच्या एका लहानशा तेलगिरणीत तेल पारखायचे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो आणि गिरणीतले लोकही नानाच म्हणायचे. शेंगदाण्याचं असो नाहीतर सरकीचं, घाण्यातून आलेलं तेल आधी नानांच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर यायचं. ते दोन्ही बोटं चोळून चिकटपणा बघत, वास घेत, आणि त्यांनी मान हलवली की डबे भरायला सुरुवात व्हायची. पुढे मी रक्त-लघवी तपासायचं शिक्षण घेतलं आणि धुळ्यात स्वतःची छोटी लॅब काढली, तेव्हा नातेवाईक म्हणाले, या घराला तपासण्याचंच वेड आहे. मला ते ऐकायला फार आवडलं होतं.

नव्वद सालानंतर काही वर्षांनी ती गिरणी बंद झाली. मी एकटीच राहत होते, म्हणून आई आणि नानांना धुळ्याला घेऊन आले. आई आठ दिवसांत रुळली. नानांना काही जमेना. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे आणि विचारलं तेवढंच बोलायचे. मधूनच दूध, तूप, माझं डोक्याला लावायचं तेल, जे हाती येईल ते दोन बोटांत चोळून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. राग जास्त, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच सुमारास मी जळगावच्या एका ठेकेदाराकडून जुनी डिझेल गाडी घेतली. पारोळा आणि अमळनेरच्या दवाखान्यांतले रक्ताचे नमुने एसटीनं आणण्यात अर्धा दिवस जायचा आणि बर्फ पाणी होऊन जायचा. गाडीच्या पाठीवर इंग्रजीत टर्बो असं ठळक लिहिलेलं होतं. चढावर पाय दाबला की आतून बारीक शिट्टी यायची आणि गाडी अशी काही पळायची की माझा जीव सुखावायचा. हायवेवरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीनं गाडी तपासली आणि चिठ्ठीवर ऑइलचा नंबर लिहून दिला. सिंथेटिकच घ्या, टर्बोला दुसरं चालायचं नाही, असं बजावलं. धुळ्यात तेव्हा ते सहज मिळत नव्हतं. मी जळगावहून प्लास्टिकचा कॅन आणला.

ऑइल बदलायचं काम मी नानांवर सोपवलं. खरं म्हणजे त्यांना खुर्चीतून उठवायचं होतं. त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, दोन थेंब बोटावर घेतले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता रडतात की काय.

"हाई तेल शे का पानी?"

मी हसले. मिस्त्रीनं सांगितलंय तेच टाकून घ्या म्हटलं, आणि लॅबला निघून गेले.

त्या दिवसापासून नाना बदलले. सकाळी गाडी पुसायचे. बोनेट उघडून पट्टी ओढायचे, ऑइल किती आहे ते बघायचे, बोटावर घ्यायचे. गल्लीतले दोघेतिघे ट्रॅक्टरवाले त्यांना ऑइल दाखवायला यायला लागले. जेवताना ते आईला इंजिनबद्दल सांगायचे आणि आई कंटाळून वाटी पुढे सरकवायची. घरात पुन्हा नानांचा आवाज होता. मी मनातल्या मनात त्या गाडीला हात जोडत होते.

मग एका दुपारी पारोळ्याहून परत येताना शिट्टीचा आवाज फाटला. मागे निळा धूर दिसायला लागला आणि गाडीतली सगळी ताकद गेली. मागच्या सीटवर बर्फात नमुने होते, म्हणून तशीच रखडत आधी लॅबला गेले, ते उतरवले आणि मग गॅरेज गाठलं. मिस्त्रीनं टर्बोकडे जाणारी ऑइलची नळी खोलली. आत काळं, करपलेलं किटण. त्यानं ऑइल बघून विचारलं, कुठलं टाकलंत? मी म्हटलं, तुम्ही लिहून दिलं तेच. तो म्हणाला, हे ते नाही ताई, हे ट्रॅक्टरचं जाड ऑइल आहे.

घरी जिन्याखाली कॅन सापडला. काठोकाठ भरलेला, वर स्वच्छ फडकं झाकलेलं.

मला सगळं एकदम कळलं. लेकीला कोणीतरी पातळ तेल देऊन फसवलं, असं नानांना वाटलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी गुपचूप चांगलं घट्ट ऑइल आणून टाकलं होतं. आयुष्यभर ज्या बोटानं भेसळ पकडली, त्याच बोटानं माझ्या गाडीचं काम तमाम केलं होतं.

आई म्हणाली, सांगू नकोस. म्हणावं नळी फुटली. आत्ता कुठे माणूस बोलायला लागलाय. आईचं बरोबर होतं आणि मलाही तीच भीती होती. गाडी दुरुस्त झाली असती, पण नाना एकदा त्या खुर्चीत परत गेले असते तर त्यांना तिथून उठवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पण मी रोज लोकांना त्यांच्या रक्तात काय आहे ते कागदावर लिहून देणारी बाई. नानांना खोटं सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. शिवाय मी चिडले होते. तो कॅन त्यांच्यापुढे ठेवला आणि बोलू नये तेवढ्या जोरात बोलले. तुमच्या बोटानं टर्बो जाळला, असंही म्हणाले.

नाना म्हणाले, "आस्सं." आणि खुर्चीत जाऊन बसले.

तीन दिवस ते उठले नाहीत. ट्रॅक्टरवाला आला तर आईनं त्याला परत पाठवलं. मला अन्न गोड लागेना. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही नव्हतं, नुसता पश्चात्ताप होता. चौथ्या दिवशी सकाळी मी गॅरेजला निघाले, तर नाना टोपी घालून दारात उभे. मी थांबवलेल्या रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसले.

मिस्त्री भला माणूस होता. त्यानं टर्बो उघडून दाखवला. सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो, ते चाक इंजिनमध्ये हवा कोंबतं, आणि त्याच्या दांड्याला ऑइलशिवाय कोणाचा आधार नाही. कॅनवरचे दोन आकडेही त्यानं समजावले. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती चटकन धावतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती घट्टपणा टिकवतं त्याचा. बोटाला जे लागतं ते थंड ऑइल, असंही म्हणाला, पण नानांकडे न बघता म्हणाला. त्याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे.

नानांनी एकच विचारलं. गाडी बंद केली की ऑइल त्या तापल्या लोखंडावर तसंच थांबून राहतं का? मिस्त्री म्हणाला, राहतं, म्हणून तर गाडी थांबवल्यावर लगेच बंद करू नये, दोन मिनिटं चालू ठेवावी. नाना कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी अंगणात चूल पेटली. गिरणीत भेसळीचा संशय आला की नाना तेल पळीत तापवून बघायचे, ते मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी आईच्या दोन पळ्या उचलल्या. एकीत जाड ऑइल, एकीत कॅनमधलं. आई आरडाओरड करत होती की या पळ्या आता तिच्या आमटीत जाणार नाहीत, आणि नाना उकिडवे बसून दोन्ही पळ्या निखाऱ्यांवर धरून होते. जाड ऑइलचा आधी धूर निघाला, मग तळाशी काळी खरपुडी धरली. दुसरं काळवंडलं, पण पळीभर हलत राहिलं. नानांनी पळ्या गार होऊ दिल्या, काडीनं दोन्हीचे तळ खरवडले, वास घेतला. मग त्या भांडणानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"बोट खोटं नई. पन बोट थंडं तेल देखस."

मी तिथेच अंगणात खाली बसले. मला रडू आलं आणि आईला वाटलं धुरानं आलं.

टर्बोचं चाक शाबूत निघालं, आतले भाग बदलून गाडी पुन्हा शिट्टी वाजवायला लागली. गल्लीतल्या लोकांना नाना आता गाडी कुठली, काम कुठलं, ते विचारल्याशिवाय ऑइल सांगत नसत. ट्रॅक्टरला जाडच सांगायचे, पण आधी त्याचं पुस्तक मागायचे. माझ्याबरोबर दर फेरीला येऊ लागले. गाडी थांबली की मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि दोन मिनिटं मला किल्लीला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दोन मिनिटांत आम्हाला दुसरं काही काम नसे, म्हणून ते बोलायचे. घाण्याचं, गिरणीतल्या लोकांचं, मी जन्मले त्या दिवसाचंसुद्धा. आयुष्यात जेवढं बोलले नसतील तेवढं त्या दोन-दोन मिनिटांत बोलले.

एकदा जळगावला, ऑइलच्याच दुकानासमोर, गाडी चालू ठेवून बसलो होतो. नाना समोर बघत म्हणाले, "त्या दिन तू मले खरं सांगं, ते बरं कयं माय." दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी किल्लीकडे हात नेला, तर त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ मांडीवर झाकलं.

"अजून दोन मिन्टं ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले.