उलट्या पासाची वैरीण

धारवाडजवळच्या आमच्या केलगेरीच्या फुटबॉल संघातल्या कुणी चेंडू मागं दिला, की मैदानाच्या फाटकाकडून ‘ठण्‌’ असा आवाज यायचा. नवख्या माणसाला वाटायचं, रेफ्रीनं शिट्टीऐवजी घंटा आणलीय की काय. घंटा कसली, ती इंदक्काची सांडशी! चहाच्या गाड्यामागं उभी राहून ती पूर्ण सामना बघायची, आणि उलटा पास झाला रे झाला, की हातातली सांडशी पातेल्याच्या काठावर हाणायची. पुढं दिलेला चेंडू वाया गेला तरी तिची तक्रार नसे. मागं दिलेला मात्र सुखरूप पोचला तरी ठण्‌! एकदा आमच्या गोलकीपरनं वैतागून, खेळ चालू असतानाच, फाटकाकडं वळून हात जोडले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी धारवाडच्या कोर्टात वकिली करतो आणि रविवारी फुटबॉल बघतो. क्लबच्या कमिटीतही आहे. स्वभाव मुळातला भांडखोर, त्यामुळं सुट्टीच्या दिवशीही कुणाची तरी बाजू घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी ही खोड जिरवणारी एकच बाई भेटली, ती इंदक्का. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला, आणि बोलणं असं की समोरच्यानं दुसरा प्रश्न विचारू नये. गिऱ्हाइकाप्रमाणं मराठी किंवा कानडी बोलायची. रागावली की दोन्ही एकदम. “पुढं बघून चालावं,” हे तिचं ठरलेलं वाक्य. “मागं बघायला देवानं डोळं दिल्यात काय?”

गाड्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, डावा पाय लांब करून ग्लास विसळत बसायचे, ते तिचे यजमान मारुतीअण्णा. आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही, पण या माणसासारखा लेफ्ट विंगर धारवाडनं पुन्हा पाहिला नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी खेळाडूंच्या कोट्यातून त्यांची सरकारी नोकरी पक्की झाली होती. ती नोकरी बघूनच अळणावरजवळच्या खेड्यातल्या बापानं आपली इंदू त्यांना दिली. लग्नाला चार महिने झाले, नोकरीची डॉक्टरी तपासणी आठवड्यावर आली, आणि हुबळीच्या संघाविरुद्धच्या सामन्यात जाधव नावाच्या बॅकनं मागून पाय घातला. नडगी मोडली. रेफ्रीनं पिवळं कार्ड दाखवलं आणि खेळ पुढं सुरू झाला. नोकरी गेली ती गेलीच. इंदक्कानं महिनाभर वाट पाहिली, मग माहेरचा स्टोव्ह आणून त्याच मैदानाच्या फाटकाशी चहा मांडला. दुसरीकडं कुठं का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायची, “जिथं घालवलं तिथंच मिळवायचं.”

अण्णा मात्र देवमाणूस. “खेळात होतंय की. होगली बिडु,” म्हणजे जाऊ दे, सोडून दे. हे ‘होगली बिडु’ ऐकलं की इंदक्काच्या कपाळावरची शीर उडायची.

आणि आम्ही शहाण्यांनी काय करावं? दोन वर्षांपूर्वी आमच्या संघाची पार चाळण झाली होती. जो येईल तो चार गोल घालून जायचा. नवा कोच शोधताना मीच कमिटीत नाव सुचवलं, हुबळीचे जाधव. बचाव शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जुनं प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून रीतसर अण्णांच्या घरी जाऊन त्यांना विचारलं. अण्णा हसले, “तो पण तवा पोरगाच होता की. आणा त्याला.” आम्ही निर्धास्त होऊन परतलो. ही सगळी बोलणी होईपर्यंत इंदक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, आणि मी रोज कोर्टात ‘सर्व संबंधितांना नोटीस’ काढणारा माणूस!

जाधव आले आणि आमचं गोल खाणं थांबलं. पण गोल करणंही थांबलं. एकटा फॉरवर्ड पुढं, बाकी दहा जण आपल्याच गोलासमोरच्या डीमध्ये, जसं काही तिथं महाप्रसादाची पंगत बसलीय. शून्य-शून्य. पुन्हा शून्य-शून्य. मग एक-एक, तोही गोल समोरच्या बॅकनं स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. पायऱ्यांवर बसणाऱ्या आम्हा लोकांत उभी फूट पडली. दाजीबानपेठेतले कापडवाले दर रविवारी खास हुबळीहून सामना बघायला यायचे, ते म्हणायचे, “यापेक्षा दुकानात बसून थान मोजलेलं बरं. निदान काहीतरी सरकतंय!” क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सकाळी सहापासून तोफा सुरू. मी एकटा कोचचा वकील. म्हणायचो, घराला आधी भिंत लागते, खिडक्या नंतर. त्यावर कुणीतरी उत्तर द्यायचं, साहेब, दार तरी ठेवा!

इंदक्काकडं व्हॉट्सॲप नव्हतं, गरजही नव्हती. तिनं पहिल्याच सामन्यानंतर जाहीर केलं, “गोलाकडं पाठ करून खेळवणाऱ्याला माझ्या गाड्यावर चहा नाही.” जाधव सामना संपल्यावर हातपाय धुऊन सरळ गाड्यापाशी आले होते. “वैनी, एक चहा,” म्हणाले. तिनं उकळता चहा त्यांच्या डोळ्यांदेखत मातीत ओतला. “वैनी म्हणायचं नाही. साखर संपल्या, दूध संपलंय, आणि तुझ्यापुरती मी पण संपल्ये.” अण्णांनी खुर्चीतून “इंदू...” म्हटलं. ती गर्रकन वळली. “पाय तुमचा होता, तुम्ही माफ करा. संसार माझा होता!”

त्यानंतर जाधव गाड्याकडं फिरकले नाहीत. पण अण्णाच सराव बघायला त्यांच्या बाकावर जाऊन बसू लागले. दोघं एकाच पुडीतली मिरची भजी खात बसलेले दिसत. ते बघून इंदक्का कुणाशीच बोलायची नाही. फक्त सांडशी चालायची, पास पुढं असो की मागं.

मला वाटलं, आपण मध्यस्थी करावी. एका रविवारी म्हटलं, “अक्का, पुढं बघून चालावं म्हणता ना? मग तुम्ही वीस वर्षं कुठं बघताय?” आजूबाजूचे चारपाच जण हसले. इंदक्का हसली नाही. माझ्या हातातला अर्धा प्यालेला ग्लास तिनं काढून घेतला आणि विसळणाच्या बादलीत बुडवला. “वकीलसाहेब, त्याला आणणारे तुम्ही. तुमचं वकीलपत्र आधीच पोचलंय मला.” पुढं दोन महिने मी रस्त्यापलीकडच्या हॉटेलातलं चहा नावाचं पाणी प्यायलो. राग तर असा आला होता की ग्रुपवर मी कोचची स्तुती दुप्पट केली. खेळ आवडला म्हणून नव्हे हो, तिला कळावं म्हणून!

बरोबऱ्या करत करत आम्ही लीगच्या तळाशी आलो. शेवटचा सामना जिंकला तर वरच्या गटात राहायचं, नाहीतर खाली. पुन्हा बरोबरी झाली तरी खालीच. एवढं लहान पोरालाही समजत होतं, आणि तरी जाधवांनी तीच पंगत बसवली. मध्यंतराला शून्य-शून्य. पायऱ्यांवरून शिव्या, रिकाम्या बाटल्या, काय न्‌ काय. पोरं नळावर पाणी प्यायला गेली. पायऱ्यांवरून न दिसणाऱ्या शेडातल्या बाकावर जाधव, अण्णा आणि कमिटीचा म्हणून मी, असे तिघंच उरलो होतो. तेवढ्यात इंदक्का गाडा सोडून शेडामागनं मैदानात शिरली. वीस वर्षांत तिनं मैदानाची पांढरी रेघ ओलांडलेली मी पाहिली नव्हती.

“काय चाललंय रे हे?” थेट अरे-तुरे. “जिंकायचं हाय आणि पोरास्नी घरात कोंडून घातलंयस?”

जाधव म्हणाले, “वैनी, त्या दिवशी अण्णांच्या पायाचा आवाज आला होता. तो माझ्या कानातनं गेला नाही अजून. ही पोरं इथं बेलूरच्या कारखान्यात कंत्राटावर हायत. एकाचा पाय गेला तर कोण ठेवून घेणार? पुढं गेलं की समोरच्याचा पाय येतोच. मी नाही पाठवू शकत. लई वाटतंय, पण जीभ उचलत नाही.”

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता ही बाई विरघळणार. कसलं काय!

“साकु!” ती म्हणाली. पुरे. “पाय ह्यांचा मोडलास, भीती तुला बसली, आणि सजा ह्या पोरांनी भोगायची? तुझं पाप तू धू. त्यांच्या अंगावर कशाला ओततोस? सोड त्यांना पुढं. आज नाही सोडलंस तर समजेन, दुसऱ्यांदा तोच पाय मोडलास.”

ती आली तशी गेली. जाधवांनी नळाकडं बघून हाक मारली आणि तिघांना फॉरवर्डला घातलं.

तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. पोरं दावं सुटलेल्या वासरांसारखी पळाली. आमचा पहिला गोल झाला तेव्हा कापडवाल्यांनी एकमेकांच्या टोप्या उडवल्या. दुसराही झाला. पण मागं कोण होतं? पोरांना मागं परतायचं भानच राहिलं नाही. एक फिटला, दुसरा फिटला, आणि शिट्टीला दोन मिनिटं असताना तिसरा आमच्या जाळ्यात गेला. तीन-दोन. आम्ही खालच्या गटात गेलो. पाय मात्र कुणाचा मोडला नाही.

आणि मग आमच्या रसिकांची तऱ्हा बघा! जे लोक सहा महिने ‘पुढं खेळवा, पुढं खेळवा’ म्हणून घसा फोडत होते, तेच त्या संध्याकाळी ग्रुपवर लिहू लागले की ज्याला बचाव येतो त्यानं बचावच करावा, ऐन वेळी अवदसा कशी आठवली. कोचला हाकला. कमिटीला जाब विचारा.

सोमवारी संध्याकाळी बैठक ठरली. त्याआधी मी अण्णांच्या घरी गेलो. अण्णा इंदक्काला विनवत होते, “एकदा कमिटीला सांग की, तू सांगितलंस म्हणून त्यानं केलं. बायकांचं ऐकलं म्हणून हसतील, पण त्याची जागा तरी राहील.”

“नाही सांगणार.”

“चूक तुझी पण हाय, इंदू.”

“हाय. मी कुठं नाही म्हटलं?” ती निवडत असलेल्या तांदळातून मान वर न काढता बोलत होती. “त्याची चूक मी वीस वर्षं भोगली. माझी चूक त्यानं एक दिवस भोगू दे.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “वकीलसाहेब, तुम्ही पण तोंड उघडायचं नाही.”

मी उघडलं नाही. आजवर कोर्टात न्यायाधीशांनी गप्प बसवलं तरी न बसणारा मी, त्या दिवशी स्वतःहून गप्प बसलो. भ्यालो म्हणा हवं तर. पण त्या दारात उभ्या असलेल्या बाईला आम्ही विचारलं नव्हतं, ते मला खुर्चीत बसल्या बसल्या टोचत होतं, आणि वाटलं, आता तिनं पहिल्यांदा काही मागितलंय तर ते तरी द्यावं. न्याय होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, “मध्यंतरात कुणीतरी तुमच्याशी बोललं, असं ऐकलं. कोण होतं?” जाधवांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. “कुणी नाही,” म्हणाले. “डोकं माझं, चूक माझी.” राजीनामा लिहूनच खिशात आणला होता. तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि हुबळीची बस धरली. अण्णा स्टँडपर्यंत पाय ओढत गेले.

इंदक्का दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात आली. पहिल्यांदाच. बस म्हटलं तरी बसली नाही.

“काय म्हणाला?”

मी जसं झालं तसं सांगितलं.

“माझं नाव घेतलं नाही?”

“नाही.”

“अध्यक्षांनी विचारून पण?”

“विचारून पण नाही.”

ती दाराची चौकट धरून उभी होती. मला वाटलं, आता तरी हिच्या काळजाला गारवा मिळाला असेल. तिच्या चेहऱ्यावर मात्र असला संताप चढत होता, जो मी चहा मातीत ओतलेल्या दिवशीही पाहिला नव्हता. डोळे भरून आले ते तिनं मनगटानं खसकन पुसले.

“मेल्यानं,” ती म्हणाली, “मला सूडसुद्धा धड घेऊ दिला नाही.”