जोडव्यांच्या लाटा

सौदामिनीच्या खोलीत कुणी दाणकन पाऊल टाकलं, की ती हातातलं काम न थांबवता म्हणे, "जपून. तुम्ही मोरावर उभे आहात." आणि खरंच पायाखाली कागदाचा अर्धा मोर वाळत घातलेला असे.

भोरच्या बाजारपेठेमागं तिच्या भावाचं घर होतं. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा ती ऐन विशीत होती. सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट इथं आणून सोडलं, ती इथलीच झाली. भाऊ उपेंद्र संस्थानच्या कचेरीत कारकून, स्वभावानं प्रेमळ आणि भित्रा. संध्याकाळी येताना तो छापखान्याच्या दारात पडलेल्या कागदाच्या पट्ट्या, फसलेल्या लग्नपत्रिका, पतंगाच्या कागदाचे तुकडे उपरण्यात बांधून आणायचा. बहिणीसाठी याहून जास्त काही करायची त्याची छाती नव्हती.

त्या कपट्यांचं सौदामिनी वाटेल ते करी. हिर्डोशीहून बाजाराला येणारी साळूबाई तिला हिरडे देऊन जाई. ते लोखंडी कढईत उकळले की काळीभोर शाई तयार. निळं पाहिजे तर कपड्यांची नीळ, केशरी पाहिजे तर पळसाची फुलं. पण तिची खरी करामत रंगात नव्हती, उठावात होती. कागद ओलसर करायचा, साच्यावर अंथरायचा, वर जुन्या धोतराचा तुकडा टाकायचा आणि कवडीच्या पाठीनं घोटत राहायचं. कागद वाळला की नक्षी त्यातून वर आलेली असे. साचे म्हणजे घरातलंच काहीबाही: पेढ्याचा साचा, सोऱ्याची चकती, समईचं बूड. करंजीच्या कातण्यानं ती कागदाला झालर काढी, आणि दर दिवाळीला वहिनी ते कातणं शोधत घरभर फिरत.

पुतणीचं, नलूचं, लग्न ठरलं. मुलगा वाईचा, कालव्याच्या खात्यात नोकरीला. लग्न भोरातच होणार होतं. वहिनी दुसऱ्याच दिवशी सौदामिनीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वन्सं, रुखवताचं तुमच्याकडे बरं का. फराळाचं मी बघते. पण मांडायच्या वस्तू अशा करा, की वाईच्या बायकांना नाव ठेवायला जागा राहू नये."

"करते."

वहिनी जराशा घुटमळल्या. "एवढंच, की कुणी विचारलं तर मी केलं म्हणून सांगेन. मनात आणू नका. ती माणसं फार कर्मठ आहेत. विधवेचा हात लागलाय कळलं तर रुखवत परत पाठवतील. आणि त्या दिवशी तुम्ही आपल्या कोठीच्या खोलीतच बसा. नाहीतरी तुम्हाला गर्दीचा त्रास होतो."

"मला गर्दीचा त्रास होतो हे मला ठाऊक नव्हतं," सौदामिनी म्हणाली.

वहिनी गेल्यावर तिनं हातातली कवडी खाली ठेवली. आजवर तिचे मोर, तिची कमळं गावभर गेली होती. गौरीपुढं बसली होती, मुंजीच्या मांडवात लटकली होती. ती मात्र कधी कुठं गेली नव्हती. वस्तू चालते आणि वस्तू करणारी चालत नाही, हा हिशेब तिनं आजवर निमूट ऐकून घेतला होता. या वेळी रुखवत नलूचं होतं. या पोरीच्या वेण्या तिनं घातल्या होत्या. रुखवत जिथं मांडलं जाईल तिथं आपण बसायचं, नाहीतर ते मांडलं जाणार नाही, असं तिनं ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

मुलगा कालव्याचा, म्हणून तिनं भाटघरचं धरण करायला घेतलं. लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर मागून बोथट दाभणानं रेघा मारल्या, तशी पुढून दगडांची ओळ न् ओळ उठून आली. हिरड्याची शाई पातळ करून तिच्यावर फिरवली, भिंत करडी झाली. दारांच्या कमानी सोऱ्याच्या चकतीनं उमटवल्या. पाण्याशी मात्र ती अडली. लाटा निघेनात. मग एका दुपारी तिनं ट्रंकेच्या तळातून चांदीची जोडवी काढली, तिची स्वतःची, वेढ्यांची. ओल्या कागदावर ती फिरवली. बारीक लाटांचा पट्टा उमटत गेला.

साळूबाई पाटी उतरवून दारात टेकली होती. "आक्का, ही तुमचीच का?"

"माझीच."

"आमच्यात बाई दुसरं घर करती, नवी जोडवी घालती. तुमचं बामनांचं लई अवघड." तिनं मान वाकडी करून धरण बघितलं. "भित ब्येस झालीया. पर त्या पान्याखाली माजं म्हायेर हाय. ते कुठं दावलंय?"

"म्हायेर?"

"मग काय. चिचंचं झाड, मारुतीचं देऊळ, आमचं घर. समदं गेलं की खाली. तुमी नुसतं पानीच दावताय. सायबावानी."

सौदामिनी हसली. पण साळूबाई गेल्यावर तिनं एक कोरा कागद घेतला आणि शाईचा थेंबही न लावता त्यावर घरांची छपरं, देऊळ आणि चिंचेचं झाड उठावानं काढलं. वर लाटांचा निळा पतंगी कागद पसरला. सरळ बघितलं तर नुसतं पाणी. वाकून बघितलं की तळाशी गाव. पुढच्या बाजाराला साळूबाई वाकली, बराच वेळ तशीच राहिली, आणि म्हणाली, "आता खरं झालं."

सगळ्या कामात सौदामिनीनं चिकटवायची खळ कुठंच वापरली नाही. प्रत्येक भागाला कागदाचीच जीभ ठेवली आणि दुसऱ्या भागात तिच्यापुरती चीर. मोडलं की सगळं ताटाएवढ्या गठ्ठ्यात मावे. कुठली जीभ कुठल्या चिरेत आणि आधी कुठली, ते फक्त तिच्या डोक्यात होतं.

"नेताना चुरगळायला नको, म्हणून मोडून दिलंय," ती वहिनींना म्हणाली. वहिनींनी कौतुकानं मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी बायका ताटं घेऊन वाजतगाजत मांडवाशेजारी जानोशाला, वरपक्षाच्या बिऱ्हाडी, गेल्या. सौदामिनी कोठीच्या खोलीत धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. वाजंत्री लांब गेली. थोड्या वेळानं उपेंद्र घामाघूम होऊन आला.

"सौदे, ते धरण उभं कसं करायचं ते सांग. तुझी वहिनी रडकुंडीला आलीय. विहीणबाई म्हणतात, तुम्हीच केलंत ना, मग तुम्हालाच कसं येईना? वहिनी म्हणते खळ आणा, चिकटवते."

"खळ लावली तर नीळ फुटेल. सांगून यायचं नाही ते, दादा. दाखवायला लागेल."

"मग नलूला मांडवातून इकडं बोलावू? तिला दाखव."

"गौरीहरापुढून उठवून?"

उपेंद्रनं उपरण्यानं घाम पुसला. मग हळूच म्हणाला, "मागच्या दारानं चल. गल्लीतून नेतो."

"धरण मागच्या दारानं गेलं का?"

त्यानं डोक्यावरची पगडी सारखी केली आणि पुढचं दार उघडलं.

जानोशाच्या खोलीत ती शिरली तेव्हा बायका आपोआप बाजूला सरल्या, वाट द्यायला की शिवाशिव टाळायला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. वहिनी कुणाकडंच बघत नव्हत्या. सौदामिनी सतरंजीच्या मधोमध बसली. जीभ चिरेत, चीर जिभेवर, आणि बघता बघता भिंत उभी राहिली. निळं पाणी पसरलं. दूर सरलेल्या बायका गुडघ्यावर रांगत जवळ आल्या.

"अगंबाई, खाली गाव आहे," एकजण म्हणाली.

विहीणबाई जाडजूड, करड्या आवाजाच्या. त्यांनी लाटांवरून बोट फिरवलं. "हे कशानं काढलंत?"

वहिनींनी डोळ्यांनी विनवलं. सौदामिनीनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि जोडवी सतरंजीवर ठेवली.

कोपऱ्यातली एक म्हातारी आत्याबाई म्हणाली, "शिव शिव. विधवेची जोडवी रुखवतात? उचला ते सगळं."

"पायातनं काढा म्हणाले होते, काढली," सौदामिनी म्हणाली. "हातातनंही काढा असं कुणी म्हणालं नव्हतं. आता तुम्ही म्हणताय तर उचलते. पण मग सगळं उचलते. दगड, पाणी, दारं. मी उठले की धरण उठलं."

आणि तिनं पहिली जीभ ओढली. भिंत एका बाजूला कलली.

तेवढ्यात बाहेरून वरबापांचा आवाज आला. खात्यातल्या साहेबांना ते सांगत होते, "या, या, आमच्या सुनेच्या रुखवतात भाटघर मांडलंय."

विहीणबाईंनी दाराकडं बघितलं, कललेल्या भिंतीकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं.

"नीट करा ते," त्या म्हणाल्या. "आणि बसा तिथंच. कुणी हात लावला तर पुन्हा कोण उभं करणार?"

सौदामिनी बसली. साहेब आले, वाकले, तळाचं गाव बघून आणखी वाकले, गेले. हळदीकुंकवाचा करंडा सगळ्यांपुढं फिरला आणि तिच्यापुढून तसाच गेला. तिनं करंड्याकडं बघितलंही नाही. मुहूर्ताची घाई होऊन खोली रिकामी झाली तरी ती धरणाशेजारी मांडी घालून बसून होती. अंतरपाटामागं उभी राहायला निघालेली नलू दारातून डोकावली, "आत्या, मला दिसतेयस तू," एवढं म्हणाली आणि गेली.

वहिनी पुढं कितीतरी महिने तिच्याशी कामापुरतं बोलल्या. गावातले काहीजण कागदाचं काम सांगायला यायचे थांबले. जे येत, त्यांना सौदामिनी आधीच सांगे, काम मांडाल तिथं मी बसणार. काही आल्या पावली परत जात. काही घरी विचारून येतो म्हणत आणि येत नसत. आणि काही, थोड्याच, तिच्यासाठी मांडवात पाट टाकत. जोडव्यांचे वेढे घासून गुळगुळीत होत आले, तरी ती ट्रंकेत परत गेली नाहीत.

नलूच्या धाकट्या भावाची, बंडूची, मुंज निघाली तेव्हा वहिनी पुन्हा तिच्या दारात आल्या. या वेळी पाय टाकण्याआधी त्यांनी खाली बघितलं.

"वन्सं, मखर करता ना बंडूला?"

"करते की," सौदामिनी कवडी न थांबवता म्हणाली. "माझा पाट कुठं टाकणार, तेवढं आधी दाखवा."