चाचीचा बोळ

चाचीकडं बांगड्या आणि शिव्या एकदमच मिळत. "हात ढिला सोड की गं! लोखंडाची हायस काय?" असं ती खेकसायची, पण बोटं अशी दाबायची, की बांगडी मनगटावर कधी गेली ते कळायचंच नाही. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आमच्या घरामागच्या बोळात लाकडी दुकानांची रांग होती. त्यात चाचीचं दुकान, आणि त्याला लागून अण्णा शिंप्यांचं. दोघं दिवसभर भांडत आणि चहा एकाच किटलीतला पीत.

त्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं. बोळाच्या तोंडाशी एका बड्या कापड व्यापाऱ्यानं पत्र्याची शेड थेट रस्त्यावर वाढवली होती. अतिक्रमण बघायला साहेब आले, की चाची त्यांना अडवायची. "पावणं, उद्या आग लागली तर बंब कुठनं येणार? तुमच्या खिशातनं?" साहेब हसत आणि त्याच शेडमध्ये बसून सरबत पीत.

एका उन्हाळ्यात भर दुपारी आग लागली. बंब आला आणि शेडपाशी अडकला. शेड तोडायचा हुकूम कुणी द्यायचा, यावर साहेबलोकांचा वाद चालला. तोवर अख्खा बोळ पेटला. गिऱ्हाइकांची लग्नाची कापडं काढायला अण्णा आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. चाची उघड्या हातांनी शेडचा तापलेला पत्रा ओढत होती. तिचे तळवे असे भाजले, की पुन्हा तिला कुणाच्या हातात बांगडी भरता आली नाही.

बोळ गेला. तिथं रुंद रस्ता आला, तीन मजली संकुल उभं राहिलं. दर्शनी गाळे त्याच व्यापाऱ्याला मिळाले. बोळातल्या लोकांना उचगावच्या बाजूला पत्र्याची खोकी दिली. तिकडं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. संकुलाच्या उद्घाटनाला एक पुढारी म्हणाले, "ती आग म्हणजे आपल्या शहराला इष्टापत्तीच ठरली."

चाची ताडकन उठली. "व्हय? मग अण्णाच्या बायकूला तसं सांगा की. ती हितंच बसलीया."

पोलिसांनी चाचीला दंडाला धरून बाहेर काढलं. मी तिच्यामागं गेले. संतापानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चाची माझ्यावरच ओरडली, "रडू नगंस! आपण रडलं की त्येस्नी बरं वाटतंय."

त्यानंतर दोन वर्षांनी चाची त्या पत्र्याच्या खोक्यातच वारली. दुकानात तेव्हा एकही गिऱ्हाईक नव्हतं.

परवा त्या रस्त्यावर गाडी लावताना माझे दीर म्हणाले, "काय ऐसपैस झालंय हो वहिनी! पूर्वी इथं नुसता कोंडवाडा होता."

"भाऊजी," मी म्हणाले, "तुम्ही गाडी लावलीय ना, तिथं अण्णा शिंपी जळून मेले." माझा आवाज इतका चढला होता, की संकुलाच्या पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. दीर म्हणाले, "वहिनी, हळू."

मी आवाज कमी केला नाही.