गयामायच्या घरून रिकामा डबा जात नाही

सकाळी ओट्यापाशी मेथी निवडत होते, तेव्हा सविताचा फोन आला. सविता ही गयामायची एकुलती मुलगी. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. आदल्याच दिवशी मी दवाखान्यात जाऊन आले होते. नाकात नळी, आवाज पार बसलेला, आणि तरी ही बाई मलाच दटावत होती, "इथं बसून काय करती? आजचे डबे गेले का नाय, ते बघ जा." मी म्हटलं, आधी तू बरी हो. तर तोंड फिरवून म्हणाली, "मी काय व्हायचं ते व्हईन. तू नीघ." ...मी निघाले. थोडा वेळ बसायला हवं होतं, असं आता दीड महिन्यानंतरही वाटतं.

गयामाय फर्दापूरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेली. नवरा बांधकामावरून पडून गेला तेव्हा सविता कडेवर होती. पडेगावात खोली घेऊन तिनं एका वसतिगृहाच्या मेसमध्ये आयुष्यभर पोळ्या लाटल्या. नवरा गेल्यावर कुणा भल्या माणसानं तिला गव्हाचं पोतं दिलं होतं. ते दारात टाकताना त्यानं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा पुकारा केला. "गहू महिन्याभरात सरला बघ," ती म्हणायची, "पर त्यो आवाज काय सरला नाय." आमचं मंडळ त्या आवाजाला उत्तर म्हणून सुरू झालं, असं मी मानते. आम्ही सात-आठ बायका. कुणाच्या घरात अपघात झाला, कुणाची नोकरी गेली, कुणी दवाखान्यात पडलं, की त्या घरी आठवड्याला एक मोठा स्टीलचा डबा जायचा. पीठ, डाळ, तेलाची बाटली, चहा-साखर. पदराआड धरून, शेजारीण काहीतरी द्यायला आली आहे अशा बेतानं. आणि गयामायचा एकच नियम होता. डबा परत देताना त्यात काहीतरी घालून द्यायचं, शेजारधर्मात देतात तसं. चार मिरच्या चालतील, कढीपत्त्याची काडी चालेल. एका घरी खरोखरच काही नव्हतं, त्यांनी चुलीतली राख चाळून दिली. मला भडभडून आलं. गयामायनं मात्र झाकण उघडलं आणि म्हणाली, "लई बारीक चाळली गं. भांडी लख्ख निघतील." आणि तिथंच नळाखाली कढई घासायला बसली.

मी शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेली, मला हे सगळं अव्यवहारी वाटायचं. डबे पोचवा, परत आणा, घासा, कुणाचं झाकण कुणाला गेलं ते शोधा. गेल्या वर्षी गयामाय एका लग्नासाठी गावी गेली आणि मी शहाणपणा केला. सामान पिशव्यांमध्ये बांधून टाकलं, दोन तासांत वाटप संपलं. मी स्वतःवर बेहद्द खूश! तिसऱ्या आठवड्यात शबानानं पिशवी दारातच नाकारली. तिचा नवरा रिक्षा चालवायचा, पाय मोडून घरी पडलेला, घरात तीन लेकरं. "बाजी, थैली नक्को," ती खाली बघत म्हणाली. "डब्बे में मैं कुछ तो बी डाल के भेजती थी. थैली कू वापस क्या भेजूं?" आणखी दोन घरांनीही असंच काहीबाही सांगून मला वाटेला लावलं होतं. गयामाय परतल्यावर तिनं मला जे सुनावलं ते सगळं इथं लिहिता येणार नाही. "तू किराणा दुकान काढलं व्हय गं? तिचं देणं बंद केलं तू. आता ती निस्ती घेणारीच राहिली ना!" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डबे घेऊन फिरलो. शबानाच्या दारात मी माफी मागितली, तेव्हा कुठं गयामाय माझ्याशी नीट बोलायला लागली.

फोटोंशी तर तिचं उभं वैर. आम्हाला सर्वांत जास्त धान्य देणारे एक गृहस्थ आहेत. नाव घेत नाही, घेतलं तर त्यांना आवडेल. त्यांना डबा घेणाऱ्या कुटुंबांचे फोटो क्रांती चौकातल्या फलकावर लावायचे होते. गयामाय त्यांना म्हणाली, "माझा लावा की. मला लाज नाय, आन् तुमालाबी नाय." ते कसनुसे हसले होते. ती गेल्यावर मात्र शोकसभेत त्यांनी उभं राहून जाहीर केलं, की वर्षभराचं सगळं सामान ते देतील. अट एकच. सामान पिशव्यांमधून जाईल, पिशवीवर गयामायचा फोटो आणि त्यांचं नाव असेल, वाटप मंडपात होईल. टाळ्या पडल्या. आमच्या कोठीत जेमतेम दोन आठवड्यांचं सामान उरलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी उठले. म्हटलं, "साहेब, तिच्या नावानं द्यायचं तर तिच्या रीतीनं द्या. नाहीतर राहू द्या." ते राहूच दिलं त्यांनी. मंडळातल्या दोघीजणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या, आणि घरी येऊन मीही घाबरले. माझ्या ताठ्यापायी घरं उपाशी राहिली तर?

तेराव्यानंतर सविताला भेटायला गयामायच्या घरी गेले, तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आजवर डबे घेतलेल्या घरांनी रोज जेवण पाठवलं होतं. पितळी, स्टीलचे, प्लास्टिकचे, आइस्क्रीमचे रिकामे झालेले... सगळे घासून पालथे घातलेले डबे. सविता म्हणाली, "मावशी, दुखवट्याचे डबे रिकामेच परत करतेत म्हणं." म्हटलं, "म्हणू दे. तुझ्या आईच्या घरून कधी रिकामा डबा गेला नाही, आजही जाणार नाही." तिच्या कोठ्या उघडल्या. ज्वारी, हरभरा डाळ, गूळ, गयामायनं सांडग्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. मूठमूठ घालत गेलो, तळ लागेपर्यंत. सविता रडत होती आणि भरत होती. मीही.

शबानाच्या दारात पोचले तेव्हा तिच्या नवऱ्याची रिक्षा बाहेर उभी होती, तो कापडानं काच पुसत होता. डबा शबानाच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, सांडगे बघितले, आणि ओढणी डोळ्यांना लावली. मग आत गेली. परत आली ती दोन भरलेले डबे घेऊन. माझ्यापुढे धरेल म्हणून मी हात पुढे केला, तर तिनं ते रिक्षात ठेवले, चपला घातल्या आणि स्वतःही आत बसली.

"बैठो बाजी," ती म्हणाली. "अब किसके घर कू जाना है, बोलो."